पाच बोटे, एक पट्टी

मित्रांनो, मी पोलादाची पट्टी. वय विचाराल तर इतके, की माझ्या अंगावरचा कारखान्याचा नंबर आता डोळ्यांनी कमी आणि नखाने जास्त वाचता येतो. लांबी अडीच हात, जाडी बोटभर. माझ्यावर इंच नाहीत, सेंटिमीटर नाहीत. मी लांबी मोजत नाही. दुसरा सरळ आहे की नाही, एवढेच मी सांगते. तुमच्या वर्गात सगळ्यांच्या चुका काढणारे कुणी तरी असेलच. आमच्या वर्कशॉपमध्ये ते काम माझ्याकडे होते.

गोष्ट सांगण्याआधी एक सांगते. मोठ्या डिझेल इंजिनाचे हेड, म्हणजे त्याच्या डोक्यावरचे जड झाकण, सव्वीस बोल्टांनी आवळतात. पण एका दमात नाही. मधल्या बोल्टापासून सुरुवात करून बाहेर बाहेर जायचे, आणि तेही तीन फेऱ्यांत: आधी हलक्या हाताने, मग अर्ध्या जोराने, मग पूर्ण जोराने. घाई केली तर खालची गॅस्केट एकीकडे दबते आणि दुसरीकडे मोकळी राहते.

मलाही माझी गोष्ट तशीच सांगू द्या.

पहिला फेरा: हलक्या हाताने

मला भट्टीत तापवले, ठोकले, आणि मग बराच काळ नुसते पडू दिले. नवे पोलाद अंगातला ताण सोडेपर्यंत थोडे थोडे वळत असते. त्याचे वळणे संपले की मगच त्याला सरळ करतात. त्यानंतर मला घासून इतके सरळ केले, की दोन पट्ट्या एकमेकींना लावल्या तर मधून उजेडही जात नसे.

वस्ताद, म्हणजे वर्कशॉपचे मालक, तेव्हा तरुण होते. त्यांच्या वर्कशॉपला अजून दार नव्हते, नुसता पडदा होता. त्यांनी मला विकत आणले, बाहीने पुसले आणि खिडकीसमोर धरून माझ्या कडेवरून एक डोळा मिटून पाहिले. "बाई, तू सरळ आहेस," ते म्हणाले. माझ्याशी पहिल्यांदाच कुणी बोलले होते.

पुढे वस्तादांची मुलगी कामावर येऊ लागली. कॉलेज संपवून तिने सरळ पाना उचलला. सगळे तिला ताई म्हणत. एके दिवशी एक मोठे हेड चेनपुलीला टांगलेले होते. चार मण बीड, म्हणजे ओतीव लोखंड. ताई त्याच्याखाली ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या धडावर, हात घालून तेल पुसत होती. चेन एका कडीने निसटली. हेड तिरके होऊन तिच्या हातावर येत होते, आणि वस्तादांच्या हातात त्या क्षणी जे होते ते त्यांनी मध्ये घातले. ब्लॉकच्या दोन टोकांना लाकडी ठोकळे होते, त्यांवर मला कडेवर उभे टेकवले. हेडचा कोपरा माझ्या पाठीवर मधोमध आदळला. ताईने हात काढून घेतला.

वस्तादांनी तिचा हात स्वतःच्या हातात घेऊन बोटे मोजली. पाच. पुन्हा मोजली. पाचच.

त्या दिवसापासून माझा मान वाढला. मला लाकडी पेटी मिळाली, आत तांबडे फलालीन. वस्तादांखेरीज मला कुणी हात लावायचा नाही, असा नियम झाला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पेटी उघडून दाखवली जाई: "या पट्टीनं माझ्या मुलीचा हात वाचवला." गिऱ्हाईक मान डोलवी. मीही आतून फुशारत असे.

इथे मी एक बारीक फट सोडते आहे. तुम्हाला दिसली असेल तर थोडा वेळ कुणाला सांगू नका. नसेल दिसली, तर तुम्ही एकटे नाही.

दुसरा फेरा: अर्ध्या जोराने

आता गॅस्केटची ओळख करून देते, कारण सगळे तिच्यापायी घडले. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो. त्याच्या एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसऱ्या बाजूला तेल. हे तिघे एकमेकांचे तोंड पाहू इच्छित नाहीत, आणि पाहिले तर घर बसते. तो पत्रा मधली भिंत. इंजिनाची ताकद जेवढी जास्त, तेवढा भिंतीवर धक्का मोठा. वस्ताद म्हणत, "गॅस्केट कधी स्वतःहून मरत नाही. तिला कुणी तरी मारतं. कधी ड्रायव्हर, कधी मेकॅनिक."

भिंत टिकायची तर वरचे आणि खालचे तळ सपाट हवेत. ते पाहण्यासाठी मी. हेड उलटे ठेवतात, मला त्याच्यावर कडेवर उभे करतात, आणि पलीकडून दिवा धरतात. माझ्याखालून उजेड आला, तर तेवढी जागा खाली बसलेली. मग फिलरचे पातळ पाते आत सरकवून फट किती ते मोजतात. खालच्या ब्लॉकवर मात्र लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्यांच्या, कडा वर आलेल्या असतात, तिथे मला आडवे होता येत नाही. तिथे लहान पट्टी जाते.

वस्तादांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर माझी पेटी ताईच्या हातात दिली आणि स्वतः दाराजवळच्या स्टुलावर बसू लागले. पहिली काही वर्षे छान गेली. येणाऱ्या गाड्या जुन्या होत्या, त्यांची हेडे लहान लहान, एका इंजिनाला तीन तीन. माझा थोडासाच भाग त्यांच्यावर टेके. मी सांगे सपाट, आणि ते सपाटच असे.

मग हत्तीण आली.

हत्तीण म्हणजे एक प्रचंड ताकदीचा ट्रक, खाणीतून दगडाच्या लाद्या चढावरून वर नेणारा. इंजिन सहा सिलिंडरचे, आणि सहांवर मिळून एकच लांबलचक हेड. तिच्या ड्रायव्हरला सगळे लंबू म्हणत, कारण स्टेअरिंगच्या वर त्याचे फक्त कपाळ दिसे. हत्तीण दोरीने ओढून आणली होती. ताईने ऑइलची काठी काढली, तिच्यावर दुधाळ फेस होता. पाणी तेलात गेले होते.

"काय केलंस हिचं?" ताईने विचारले.

"पाइप फुटला, ताई. टेंपरेचरचा काटा लालवर गेला होता, दिसलं मला. पण एकच वळण राहिलं होतं."

"एका वळणासाठी हत्तीण आडवी केलीस?"

"नंतर गार पाणी ओतलं की," लंबू आपली बाजू सावरत म्हणाला.

स्टुलावरून वस्तादांनी कपाळावर हात मारला. "तापलेल्या बिडावर गार पाणी. आता हेड वाकलं नसेल तर मी मिशी काढतो."

मिशी राहिली. हेड खरेच वाकले होते. ते समोरच्या गल्लीतल्या सरफेसकाकांकडे गेले. काकांकडे सपाट घासायचे मशीन आहे, सरफेस ग्राइंडर. त्यांचे खरे नाव त्या मशीनखाली कधीच दबून गेले. वस्ताद आणि ते तरुणपणापासूनचे मित्र. दुसऱ्या दिवशी काकांनी हेड परत पाठवले, सोबत निरोप: "आरसा करून दिलाय. तोंड बघून घे."

ताईने मला पेटीतून काढले, हेडवर ठेवले, दिवा धरला.

दोन्ही टोकांना उजेड होता.

बारीक, केसाच्या दोन-तीन पटीचा. पण होता. म्हणजे हेड मध्ये उंच आणि टोकांना खाली. ताईने मला पुसून पुन्हा ठेवले. पुन्हा तेच.

आता तुम्ही म्हणाल, तिने काकांना सांगायचे. सांगणारच होती. पण काकांचे हात अलीकडे थोडे थरथरत. मशीनही त्यांच्याच वयाचे. "काका, तुमचं काम चुकलं," हे शब्द त्या मुलीच्या तोंडून निघेनात. ज्यांच्या खांद्यावर बसून ती लहानपणी गल्ली फिरली, त्यांना हे कसे सांगायचे? आणि बाबांना सांगितले तर ते पाच मिनिटांत काकांना सांगणार. म्हणून बाबा दुपारी जेवायला घरी गेले, की ताई स्क्रेपर घेऊन बसे आणि हेडचा मधला उंचवटा हाताने खरवडून काढी. थोडे खरवडायचे, मला ठेवायचे, उजेड पाहायचा. पुन्हा खरवडायचे. तीन दुपारी तिने असे काम केले. खांदा दुखून आला. शेवटी माझ्याखालून उजेडाचा कणही येईना, तेव्हा ती हसली आणि मला दोनदा पुसून पेटीत ठेवले.

मी गप्प होते. मला बोलता येत नाही, हे खरे. पण त्या दिवशी मला काय बोलायचे आहे, हेही माहीत नव्हते. मी सरळ आहे, असे मला इतक्या वेळा सांगण्यात आले होते.

तिसरा फेरा: पूर्ण जोराने

हत्तीण तीन आठवड्यांनी परत आली. पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे. गॅस्केट तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये जळली होती. बरोबर मधोमध.

काकांनी हेड तपासले. "मध्ये बसलंय. तापवली असणार."

लंबू म्हणाला, "आई शप्पथ, काका. काट्याकडे बघून बघून माझी मान आखडली. बायको म्हणते, माझ्याकडे एवढं कधी बघितलं नाहीत."

काकांनी पुन्हा घासले. ताईने मला पुन्हा ठेवले. पुन्हा टोकांना उजेड. पुन्हा दुपारी, पुन्हा स्क्रेपर. या वेळी तिने कुठेच कसर ठेवली नाही. बोल्ट सगळे नवे आणले. बोल्टांच्या भोकांतले तेल-पाणी हवेने उडवून कोरडे केले, कारण भोकात थेंब राहिला तर आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो. तीन फेरे मोजून दिले. जेवढी ती काळजी घेत होती, तेवढे काम माझ्यामुळे बिघडत होते. सपाट झालेल्या हेडला ती माझ्या सांगण्यावरून जिवापाड मेहनतीने खड्डा पाडत होती.

या वेळी हत्तीण दोन दिवस टिकली.

ती दोरीने ओढली जात गल्लीत शिरली तेव्हा समोरचा टायरवाला मुद्दाम ऐकू जाईल असे म्हणाला, "वस्तादाचा हात पोरीला नाही आला." ताईने मान वर केली नाही. तोच हात, मित्रांनो. त्याच्यासाठी मी पाठ दिली होती.

लंबू मात्र चांगला माणूस. टोपी हातात फिरवत म्हणाला, "ताई, माझा राग नाही. पण मालक म्हणतात, पुढच्या वेळी कंपनीच्या सर्व्हिसला न्या. आणि काका म्हणतायत, हे हेड आता एकदाच घासता येईल. त्यानंतर भंगार."

हेड खोलून बाकावर ठेवल्यावर ताई बाबांच्या स्टुलाजवळ गेली.

"बाबा, स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर माणूस हवाय. एक तारखेपासून. मी हो म्हणणार आहे."

"आणि पाना?"

"भिंतीवर राहील."

वस्तादांनी स्वतःच्या गुडघ्यांवर हात फिरवला. "बसून काम असतं ते," ते म्हणाले. "बसून तुला कंटाळा येतो."

तेवढ्यात सरफेसकाका स्वतः हेड न्यायला आले. एरवी त्यांचा हातगाडीवाला येई. शेवटचे घासणे आहे म्हणून त्यांना आधी नीट बघायचे होते. हेड फक्त दोन दिवस चालले होते, त्यामुळे त्याच्यावर काजळी बसली नव्हती. काकांनी खिशातून भिंग काढले आणि वाकून पाहिले. मग आणखी वाकून पाहिले.

"हे काय गं?"

"काय, काका?"

"माझं मशीन सरळ रेघा सोडतं. हे माशाचे खवले कुणी काढले?"

ताईने लपवले नाही. "मी. स्क्रेपरनं."

"मागच्या वेळी पण?"

"मागच्या वेळी पण. तुम्ही दिलेलं हेड मध्ये उंच यायचं, काका. टोकांना उजेड दिसायचा. तुम्हाला कसं सांगणार? मला वाटलं, मशीन म्हातारं झालंय."

"मशीन, की मी?"

काकांनी भिंग पुसले, उगीचच.

"म्हणजे मी सपाट करून द्यायचो, तू खड्डा पाडायचीस, आणि पुढच्या वेळी मी म्हणायचो, तापवली असणार. वा. तिघांनी मिळून एक हेड खाल्लं की आपण."

"आणि शिव्या एकट्याला," लंबू कोपऱ्यातून म्हणाला.

"माझं मशीन मी दर सोमवारी तपासतो," काका म्हणाले. "ते खोटं नाही. मग राहिलं कोण?"

स्टुलावरून वस्ताद कडाडले, "पट्टीचं नाव काढू नकोस. या पट्टीनं माझ्या—"

"पोरीचा हात वाचवला. माहीत आहे. शंभर वेळा ऐकलंय. चेन सुटली, चार मण बीड खाली आलं, पट्टी मध्ये घातली, कोपरा तिच्या पाठीवर..."

काका बोलता बोलता थांबले.

हवेचा कंप्रेसर धापा टाकत होता, तो कुणी तरी बंद केला.

"शंभर वेळा ऐकलं," काका हळू आवाजात म्हणाले, "आणि शंभर वेळा मान डोलावली. चार मण बीड पाठीवर घेऊन कुणी सरळ राहतं का, हे एकदाही मनात आलं नाही माझ्या."

मित्रांनो, तुम्हीही डोलावलीत ना मान? पहिल्या फेऱ्यात मी जी फट सोडली होती, ती ही.

ऑफिसच्या टेबलावर जाड, अगदी सपाट काच होती, तिच्याखाली फोन नंबरांच्या चिठ्ठ्या. ताईने काच उचलली, चिठ्ठ्या काढल्या, टेबल पुसले, काच पुन्हा ठेवून तीही पुसली. पण मला काचेवर ठेवायला तिचा हात पुढे होईना. बाबांची पट्टी तपासायची म्हणजे बाबांनाच खोटे पाडल्यासारखे.

वस्ताद स्टुलावरून उठले. कुणाचा आधार न घेता टेबलापर्यंत आले. मला त्यांनी स्वतः काचेवर उभे केले आणि एका टोकावर बोट दाबले.

दुसरे टोक उचलले गेले. बोट काढले, तसे ते परत टेकले.

टक्.

एवढाच आवाज. नऊ वर्षे तो माझ्या पोटात होता. वस्तादांनी फिलरचे पाते घेतले आणि आता वर उचललेल्या टोकाखाली सरकवले. ते कुठेही न अडता आत गेले; माझी खालची कड मधोमध फुगली होती.

"तेव्हा मी बोटं मोजली," वस्ताद म्हणाले. "पाच होती. मग म्हटलं, आता जगात मोजण्यासारखं काही राहिलं नाही." ताईकडे वळून म्हणाले, "तुझा हात चुकला नाही, बाळ. मी तुला वाकडी पट्टी दिली, आणि वर पेटीत घालून दिली."

मला वाटले, आता माझी जागा भंगाराच्या ढिगात. खरे सांगते, मला त्याचे दुःख कमी आणि सुटका जास्त वाटली. पण ताईने मला उचलले. माझ्या पाठीवर मधोमध एक छोटासा घाव आहे, तिथे तिने अंगठा फिरवला. नऊ वर्षांत तिथे कुणी हात लावला नव्हता.

"हिला काय बोलायचं, बाबा? ही कधी म्हणाली, मी सरळ आहे म्हणून? ते आपणच म्हणत होतो."

"आण इकडे," काका म्हणाले. "आधी हिला घासतो. मग हेड."

शेवटी: इंजिन चालू करून

काकांच्या मशीनखाली माझ्या कडेचे मधले थोडे पोलाद उडाले. ठिणग्या पिवळ्या होत्या. मी थोडी हलकी झाले आणि पुष्कळ वर्षांनी सरळ झाले. परत आल्यावर ताईने मला आधी काचेवर ठेवले. टक् झाले नाही. मग हेडवर ठेवले. मधे नाही, टोकांना नाही, कुठेच उजेड नव्हता. स्क्रेपर खणातच राहिला.

गॅस्केट बसवताना वस्ताद स्टुलावरून फेरे मोजत होते. मधला बोल्ट आधी, मग बाहेर. तीन फेरे. नंतर ताईने लंबूला समोर उभे केले.

"पाणी गार इंजिनात बघायचं, रोज सकाळी. काटा मध्याच्या वर गेला की?"

"थांबायचं."

"एकच वळण राहिलं असेल तर?"

"वळणाच्या आईचा घो. थांबायचं."

"गार पाणी?"

"मी पिणार. तिला नाही."

"आणि चढ संपल्यावर लगेच बंद करायची नाही. पाच मिनिटं नुसती चालू ठेवायची. धावून आलेल्या माणसाला आपण लगेच झोपवतो का?"

हत्तीण भरून निघाली. ताई दिवसभर पान्यांना फडके मारत बसली. एकेक पाना तीन तीनदा पुसला गेला. संध्याकाळच्या आत फोन वाजला.

"ताई, वर पोचलो. काटा मध्ये आहे."

"बंद केलीस?"

"नाही. पाच सांगितली होती, तीन झालीत. ऐका."

त्याने फोन इंजिनाजवळ धरला. ताईने इकडे स्पीकर लावला. वस्ताद, सरफेसकाका आणि रस्ता ओलांडून आलेला टायरवाला, सगळे उरलेली दोन मिनिटे त्या आवाजाजवळ उभे होते. हत्तीण शांतपणे श्वास घेत होती. मग तो आवाज थांबला. टायरवाला म्हणाला, "माझ्या गाडीचं पण एकदा बघाल का, ताई?" ताई म्हणाली, "नंबर लावा."

एक तारखेला ती स्पेअर पार्टच्या काउंटरवर गेली खरी. पण काउंटरच्या अलीकडे उभी राहून दोन गॅस्केट घेऊन आली.

आता माझी पेटी कपाटावर रिकामी असते. फलालीन काढून ताईने त्याचे हात पुसायचे फडके केले. मी भिंतीवर खिळ्याला असते, पान्यांच्या शेजारी. दर सोमवारी, काका तिकडे आपले मशीन तपासतात तेव्हा, ताई इकडे मला काचेवर ठेवून टोकावर बोट दाबते. वस्ताद अजूनही गिऱ्हाइकांना माझी गोष्ट सांगतात, पण तिला आता शेपूट आहे: "हिनं माझ्या मुलीचा हात वाचवला. त्यात ही वाकली. ते कळायला आम्हाला नऊ वर्षं लागली."

मित्रांनो, तुमच्याही घरी असे कुणी तरी असेल, ज्याने कधी तुमच्यासाठी चार मणांचा भार पाठीवर घेतला. त्याला पेटीत घालून मिरवू नका. त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवा, आणि कुठे दुखते का, विचारा.

सोमवारी ताईचे बोट माझ्या टोकावर येते तेव्हा मी कान देऊन असते. टक् झाले नाही, तर बरे वाटते. कधी झाले, तरी आता भीती नाही. ऐकायला माणसे आहेत.